सुला मुळासकट काढती

सुला माझी धाकटी जाऊ. घरात मी तिच्या सात वर्षं आधी आले. पण आमच्या झरी गावात कुणालाबी विचारा, खुरपायला बायांची टोळी कोण नेतं? सुला. तणाचं नाव कोण सांगतं? सुला. आधीच कबूल करते, मी तिच्यावर लय जळते.

तिची खोड मंजे ती काडीबी वरवर तोडत न्हाई. खुरपं खोल घालून मुळासकट काढती, माती झटकती, फिरवून बघती. "चल की गं, बाया पुढं गेल्या!" मी वरडते. तरी पात, मंजे खुरपायची ओळ, तिचीच आधी निघती. आता काय करावं माणसानं?

दिवाळीनंतर संघप्रिया मॅडम आल्या. झाडाझुडपांची नाती लावायचं त्यांचं काम. तुरीचे रानटी भाऊबंद बांधावर कुठं उरलेत, ते शोधायचं होतं. म्हणाल्या, "जिचं झाड निवडलं जाईल, ते वाळवून कागदावर चिकटवू आणि त्या कागदावर तिचं नाव कायमचं राहील." पन्नाशी आली, माझं नाव रेशनकार्डाबिगर कुठं न्हाई. मला ते पायजेच होतं.

मॅडमनी समजावलं, "नुसत्या दिसण्यावर जाऊ नका. सारखी दिसणारी परकी निघतात, वेगळी दिसणारी एकाच आजोबांची नातवंडं निघतात. शेंग बघा, बी बघा."

सुला म्हणाली, "मंजे सोयरिकीत तोंड न बघता देवक विचारतात, तसं? देवक एक, तर कूळ एक."

मॅडम खूश! वहीत लिहून घेतलं. माझ्या अंगाची लाही लाही झाली. मला देवक ठाऊक नव्हतं का? घरातली समदी लग्नं मीच जमवली!

दोन दिवस बांध धुंडाळले. मी पिवळ्या फुलांची, तुरीवानी उभी झाडं जमवली. शेवटी एक वेल हाताला आली, जमिनीवर लोळणारी, शेळ्या खातात ती. फेकणार, तेवढ्यात सुलाची पेंडी दिसली. म्हटलं, कोंबावी हिच्यात. लोळती वेल तुरीची कोण लागती? कळू दे मॅडमला हिची हुशारी! अन् कोंबली.

मॅडमनी पेंड्या सोडल्या. माझा निघाला तरोटा, लांबचा पाव्हणा. सुलाच्या पेंडीतली ती वेल मात्र त्यांनी दोन्ही हातांनी उचलली. शेंगेवर दाण्यादाण्यामधी खाचा, तुरीला असतात तशाच. "हीच! रानतूर! तुरीची चुलतबहीण," म्हणाल्या अन् पेन काढला. "सुलाबाईंचं नाव..."

वेल तर माझी. बोलावं तर लबाडी उघडी पडती.

सुलानं वेलीचा बुडखा बघितला. "मॅडम, ही माझी न्हाई. हिला मूळच न्हाई. असं वरच्यावर आमची आक्का तोडती. चुकून माझ्यात आली आसंल. आक्काचं, बायनाबाईचं, नाव लिवा." माझ्याकडं बघितलंबी न्हाई.

मॅडमला मूळबी लागत होतं. वेल कुठं तोडली, मला आठवंना. सुला बांधानं गेली, तुटलेला बुडखा शोधला, खणून मूळ आणलं अन् माझ्या नावाच्या कागदावर ठेवलं.

मॅडमचा आता महिन्याला फोन येतो, माझ्याच फोनवर. मी "हॅलो" म्हणायच्या आत इचारतात, "बायनाबाई, सुलाबाई आहेत का जवळ?"