दातांनी ऐकलेला पंप

अकोल्याहून अमरावतीला जाताना रस्त्यालगत एक गोल्फचं मैदान आहे. आजूबाजूला मे महिन्यात हात आत जाईल अशा भेगा पडलेली काळी जमीन, आणि मधेच एवढं हिरवं की एसटीतले लोक खिडकीकडे सरकतात. नऊ भोकांत एक पांढरा चेंडू घालत फिरायचं, यासाठी माणसं गाड्या काढून येतात, आणि नीट पडला नाही तर दिवसभर उदास राहतात. मी पाणीपुरवठा खात्यातून निवृत्त झालो तेव्हा क्लबने मला मानद जलसल्लागार नेमलं. मानद म्हणजे चहा फुकट.

मी हो म्हटलं ते पंपघरात चाचा होते म्हणून. चाचा अकोल्याचे पंप-मोटारींचे मेकॅनिक. माझ्या नोकरीच्या काळात आमच्या खात्याचे बहुतेक पंप त्यांच्याच हाताखालून गेले. चाची गेल्यावर त्यांनी दुकान मुलावर सोपवलं आणि इथे पंप सांभाळायला आले. पंपघराला लागूनच त्यांची खोली होती. भिंतीपलीकडे पंप चालू असला की झोप चांगली लागते, म्हणायचे. तिथून त्यांना कुठेही जायचं नव्हतं.

लहानपणापासून वाहून वाहून चाचांचे कान निकामी झाले होते. बोलायचं तर ओरडावं लागे. पण पंप त्यांना ऐकू येई. मेकॅनिक लोक पेचकसाचं टोक पंपाला टेकवून मूठ कानाला लावतात. चाचा मूठ दातांत धरत. आवाज हाडातून आत जाई. डोळे मिटून ते क्षणभर थांबत आणि सांगत, "बेरिंग सुकलं," किंवा "हवा ओढून राहिला." ती लाकडी मूठ दातांच्या खुणांनी खड्डेदार झाली होती.

गेल्या हिवाळ्यात त्यांचे दात हलायला लागले. अमरावतीच्या मुलीने बापाला प्रेमाने दवाखान्यात नेलं, सगळे दात काढले आणि छान कवळी बसवून दिली. चाचा दहा वर्षांनी लहान दिसू लागले. सगळ्यांनी कौतुक केलं, मीही केलं.

मे महिन्यात फवाऱ्यांनी माना टाकल्या. टाकीतलं पाणी जोर देऊन मैदानभर ढकलणारा बूस्टर पंप चालू होता, पण टोकाच्या हिरवळीपर्यंत पाणी पोचेना. त्यातच स्पर्धा तोंडावर आलेली आणि बक्षिसं द्यायला कोणी मोठे पाहुणे येणार होते. क्लबचे सेक्रेटरी पांढरे बूट घालून पंपघराच्या पायरीपर्यंत आले. त्याच्या आत ते कधी येत नसत.

"चाचा, शेवटचं ग्रीन पिवळं पडलंय. पाहुण्यांना काय दाखवू?"

चाचांनी पेचकस दातांत धरला, काढला. "पंप चांगला हाय साहेब. लाइन पाहा."

चाचांचा शब्द म्हटल्यावर कोणी दुसरा विचार केला नाही. शिवाय ते पटण्यासारखंही होतं. आमची काळी माती उन्हाळ्यात फाकते आणि पाइपांचे सांधे ओढून मोकळे करते. माळ्यांनी खणायला घेतलं. भर उन्हात मैदानभर चर पडले, पण ओल कुठेच लागेना. मुख्य माळी दर्यापूरचा, तोंडाने फटकळ.

"येथं पाइप फुटला असता तं आमी आंघोळी करून घेतल्या असत्या," तो मला म्हणाला. "नवे दात आले तवापासून म्हाताऱ्याले पंपबी गोडच लागून राहिला!"

बाकीचे हसले. मी पंपघराकडे गेलो.

दारातच मला पंपाची खडखड ऐकू आली. दाब दाखवणारा काटा थरथरत होता. चाचा पंपापाशी बसले होते, पेचकस तोंडात, आणि कवळी लाकडावर कटकट वाजत होती. त्यांनी मूठ काढून कपाळाला लावली, मग हनुवटीला. मग मी दिसलो.

"गुणगुण येते साहेब," ते म्हणाले. "बोल नाही येत."

त्यांनी पेचकस माझ्यापुढे धरला. "तुमी ऐका."

मी मूठ कानाला लावली. त्या खळग्यांचा कानाला स्पर्श झाला.

"काय म्हणते?"

"सुपात हरभरे पाखडल्यासारखं!" मी ओरडलो.

चाचांनी डोळे मिटले. "उपाशी हाय तो. पाणी भेटून नाही राहिलं त्याले. बंद करा."

बटण त्यांच्या हाताशी होतं, तरी ते मीच दाबलं. टाकीकडून येणाऱ्या पाइपातली जाळी काढली, तर तिच्यावर शेवाळ आणि कुजलेल्या पानांचा घोंगडीसारखा थर. पंप उघडला. आतल्या पितळी चक्राला वाळवी लागावी तशी भोकं पडली होती. पाणी पुरेसं मिळालं नाही की पंप स्वतःलाच असा खातो. चाचा एकेका भोकावरून बोट फिरवत राहिले.

"किती वरडला असन," ते म्हणाले. "आन् मी बाजूलेच बसलो होतो."

नवीन चक्र बसलं, फवारे उठले. पाहुण्यांनी ओल्या हिरवळीवर उभं राहून पाणी जपून वापरण्याबद्दल भाषण केलं. त्यांचे बूट चिखलात रुतत होते. सेक्रेटरी तसे वाईट नाहीत. त्यांनी बिघाड झाला की लाल दिवा लागेल असं पॅनेल बसवलं आणि चाचांना म्हणाले, तुम्ही राहा, फक्त दिव्याकडे बघायचं. चाचांनी मान हलवली. पुढच्या शुक्रवारी ते नमाजाला गेले ते परत आले नाहीत. पेचकस त्यांनी क्लबच्या अवजारांत टांगून ठेवला होता. पूर्वी त्याला ते कोणाला हात लावू देत नसत.

पावसाळ्यात मी अमरावतीला त्यांच्या मुलीकडे त्यांना भेटायला गेलो. ते जेवत होते.

"अब्बा आता सगळं खातात," मुलगी आनंदाने म्हणाली. "भाकरीचा कडक पापुद्राबी."

चाचा खरंच सगळं खात होते, सावकाश. जेवण झाल्यावर हात धुवायला उठताना त्यांनी आधारासाठी म्हणून फ्रिजला तळवा टेकवला. फ्रिज चालू होता. ते बराच वेळ तसेच उभे राहिले. मुलीने टॉवेल पुढे केला, तेव्हा त्यांनी हात काढून घेतला.