पास्ता, बार आणि शिंदीची झाडं

मंडळी, आज दुपारी आजोबांना धाराशिवच्या एका इटालियन हॉटेलात जेवायला नेलं. वय त्र्याण्णव, गाव येरमाळ्याजवळचं.

आत गेल्यावर कळलं, तिथं मोठा बारही आहे. भरदुपारी गर्दी, गाणी, हसणं. मला वाटलं, आता काही खरं नाही. निजामाच्या काळात, सोळाव्या वर्षी आजोबांनी सत्याग्रहींबरोबर गावातली शिंदीची झाडं तोडली होती. त्या झाडांच्या रसाच्या दारूवर, म्हणजे शिंदीवर, सरकार कर घ्यायचं, ते उत्पन्न बंद पाडायला. आमच्या घरात आजही दारूचं नाव काढत नाहीत.

पण आजोबा शांत बसले. "आपल्या शेवयाच की, जरा जाड," म्हणत पास्ता संपवला. मग काठी टेकत थेट बारच्या काउंटरकडं निघाले. आता हे भांडणार म्हणून मी मागं धावलो.

ग्लास पुसणाऱ्या माणसाला त्यांनी विचारलं, "भाऊ, ह्याच्यावरच घर चालतं का?"

"व्हय आजोबा. दोन लेकरं शिकतेत."

आजोबांनी त्याला हात जोडले. त्यानं गोंधळून हातातला ग्लास खाली ठेवला.

गाडीत बसल्यावर म्हणाले, "झाडं निजामाची म्हणून तोडली. पर शिंदी काढणारा आमच्याच शेजारचा होता. लेकरं घेऊन गाव सोडून गेला. आमी घोषणा देत होतो, त्याच्याकडं बघितलं बी न्हाय."

झाडं तोडल्याची गोष्ट मी लहानपणापासून ऐकतोय. त्यात हा शेजारी आज पहिल्यांदा आला.

तुमच्या घरच्या गोष्टीतून कोण राहून गेलंय?