फळ्यावरचा दिनविशेष

सडक अर्जुनीच्या बसथांब्यावर एक चहावाला रोज सकाळी फळ्यावर दिनविशेष लिहायचा. ओळ संपली की खडू कानावर खोचून, दोन पावलं मागं सरून, मान तिरपी करून बघायचा. मी इतिहासाचा शिक्षक. बसची वाट पाहताना तो फळा वाचून माझं डोकं उठायचं. राज्याभिषेक, लढाई, उपग्रहाचं उड्डाण आणि त्याच रांगेत, ‘आजच्या दिवशी आमच्या गावात वीज आली.’ असली सरमिसळ करू नका, असं कितीदा सांगितलं! तो नुसता “हव जी” म्हणून चहा पुढं करायचा.

एके दिवशी एका किल्ल्याच्या विजयाखाली त्यानं लिहिलं होतं, ‘आजच्या दिवशी आमच्या गावातली पहिली पोरगी मॅट्रिक झाली.’ माझा संयम सुटला. रुमालानं मी ती ओळ पुसून टाकली.

“काऊन पुसलं जी, मास्तर?” तो पहिल्यांदाच चिडला. “राजाईचे दिवस तुमच्या पुस्तकात हायेत. हिचा कुठं लिहू?”

त्यानं बाकड्यावर बसलेल्या बाईंकडं बोट केलं. ती पोरगी आता साठीची होती. फळ्यावरची आपली ओळ दाखवायला नातीला घेऊन मुद्दाम गावाहून आली होती.

मी ओशाळलो. खडू मागून ती ओळ पुन्हा लिहिली. बाईंनी चष्मा लावून ती वाचली.

“पह्यल्या झटक्यात पास झाली, तेही लिहा,” त्या म्हणाल्या.

फळ्यावर जागाच उरली नव्हती. मी गुमान किल्ल्याचा विजय पुसला.