कडेवरचे करडू

"मोजलं की आटतं," असे जेमेली म्हणायची.

घरी माणसे किती असे विचारा, यंदा शेळ्या किती व्याल्या असे विचारा, तिचे उत्तर हेच. बोल तिच्या आईचे, आणि आईला तिच्या आईकडून आलेले. मक्याची कणसे ती मोजायची, पाण्याचे हंडे मोजायची. पण ज्यात श्वास आहे ते मोजायचे नाही. केरियो नदीच्या खोऱ्यातली जुनी माणसे अजूनही हे पाळतात. जेमेली तरणीताठी, शाळा शिकलेली, तरी पाळायची म्हणून लोक तिला हसत. आणि ती धावणेही त्यातच धरायची. धावण्यात श्वासाशिवाय दुसरे आहे काय, असे विचारायची.

खोऱ्यात ऊन असे, की दुपारी शेळीसुद्धा बाभळीच्या सावलीबाहेर खूर टाकत नाही. जेमेली त्याच खोऱ्यात शेळ्यांमागे धावून मोठी झाली. जत्रेतल्या शर्यती जिंकून झाल्या, शाळेच्या झाल्या. पण खोऱ्यात सगळ्यांनाच ठाऊक आहे, की खाली मध पिकतो आणि धावणारे पिकतात ते वर, कड्यावर. सकाळी अंगणातून मान वर केली की कड्याच्या माथ्यावर इतेन गावाची पत्र्याची छपरे चमकताना दिसत. जेमेली चूल फुंकता फुंकता तिकडे बघत राही आणि दूध उतू जाई.

बाप नव्हता, म्हणून घरात थोरल्या भावाचा, याटोरचा शब्द चाले. झाडांवर टांगलेली मधाची पोळी तो सांभाळायचा. शेवटी एक दिवस तो म्हणाला, "जा बाई वर. दूध तरी वाचेल. पण मध काढायच्या दिवसांपर्यंतच. तोवर धावणाऱ्यांच्या एखाद्या कॅम्पने घेतलं तर तुझं तू बघ. नाहीतर मुकाट खाली यायचं. मी झाडावर असणार, आणि आईचे गुडघे आता शेळ्यांमागे जायचे नाहीत."

जेमेलीने घोंगडीचे गाठोडे केले, आंबवलेल्या दुधाने भरलेला सुका भोपळा खांद्याला लावला आणि नागमोडी पायवाटेने कडा चढली.

वर ताबार्नो आजीच्या मागच्या अंगणात भाड्याने द्यायच्या पत्र्याच्या खोल्यांची एक रांग होती, सगळी धावणाऱ्यांनी भरलेली. आजीने तिला पायापासून वर न्याहाळले.

"खोऱ्यातली ना? मग एका घोंगडीनं भागायचं नाही. मध आणलास, का नुसती भूक घेऊन आलीस?"

पहिले काही दिवस वाईट गेले. कड्यावर हवा होती, पण भोपळ्याच्या बारीक देठातून ओढावी तशी छातीत ओढून घ्यावी लागे. खाली जी हरणासारखी पळायची, ती इथे पहिल्या चढालाच कमरेवर हात ठेवून उभी राही. डोके ठणके. पहाटेची थंडी दातांत शिरे. एकदा ती चुलीपाशी रडवेली होऊन बसली होती. आजी घेवड्याच्या भांड्याखाली लाकूड सारत होती. भांडे सकाळपासून चुलीवर होते.

"इथं घेवड्यालासुद्धा शिजायला वेळ लागतो," आजी म्हणाली. "तू तर माणूस आहेस."

जेमेली राहिली. पहाटे चौकात धावणाऱ्यांचा घोळका जमे, त्यात तीही जाऊन उभी राही. हळू धावायच्या दिवशी ती एकदा सगळ्यांच्या पुढे सुटली, तेव्हा मागून कोणीतरी ओरडले, की खोऱ्यातली मधमाशी हिच्या मागे लागली वाटते. अख्खा घोळका हसला. त्या दिवसापासून तिने एक पाठ धरली. ती पाठ शेजारच्या खोलीतल्या सालोमेची होती. सालोमे लांब ढांगांची, शांत मुलगी. मैदानात फेऱ्या मारताना तिला मोठ्याने मोजायची सवय होती. जेमेलीला तेच बरे पडले. पुढचीने मोजावे, आपण तिच्या टाचांकडे बघत धावावे. हळूहळू छातीतले देठ रुंद झाले.

मग चेसिरे कोचने चाचणी ठेवली. त्याच्या कॅम्पात दोन मुलींची जागा होती. चाचणीचे मैदान म्हणजे प्राथमिक शाळेमागची तांबड्या मातीची वाट, गोल गोल. शेवटची फेरी लागली की कोच घंटा वाजवी.

अर्ध्यात सालोमेच्या पोटात कळ आली आणि ती बाजूला बसली. जेमेली एकदम पुढे आली. समोर पाठ नव्हती, आकडा बोलणारे कोणी नव्हते. तरी ती सुरेख धावत होती. अशी, की कोचने टोपी मागे सरकवली. तेवढ्यात शाळेची मधली सुट्टी झाली. झाडाला टांगलेल्या रुळाच्या तुकड्यावर कोणीतरी टोले हाणले. जेमेलीला वाटले, हीच शेवटच्या फेरीची घंटा. ती बाण सुटावा तशी सुटली, फेरी पुरी केली, दोन्ही हात वर केले आणि थांबली. बाकीच्या मुली तिच्या शेजारून एकेक करत निघून गेल्या. कुंपणावर चढलेली शाळेची पोरे पोट धरून हसत होती. ती पुन्हा धावली, पण पायांनी हात टेकले होते.

कोचने त्या दिवशी एकीलाच घेतले आणि दुसरी जागा पुढच्या चाचणीवर ठेवली. ती चाचणी मध काढायच्या तोंडावर येणार होती. त्याने जेमेलीला बोलावून काय झाले ते विचारले. तिने सांगितले.

"पोरी, पंचवीस फेऱ्या असतात. पंच..."

जेमेलीने कानांवर हात ठेवले.

कोच वैतागला. शहरातल्या शर्यतीत तुला नेऊ आणि तिथे तू कान झाकून उभी राहशील, मग लोक मला काय म्हणतील, असे बोलून तो निघून गेला. पण त्याची आईही मूळची खोऱ्यातलीच. तिने त्याला भावंडे किती हे कधी सांगितले नव्हते. दोन दिवसांनी तो ताबार्नो आजीकडे चहाला आला आणि कपातला चहा संपत आल्यावर जेमेलीला म्हणाला, "शेळ्या मोजत नाहीस म्हणतेस. मग एखादी राहिली मागे, तर आईला कळतं कसं?"

जेमेलीला हा प्रश्नच कळेना. "कळायचं काय त्यात? संध्याकाळी ओळीनं कुंपणाच्या वाडग्यात येतात ना. आधी मुंडी. तिच्या मागं काळतोंडी. ती आली नाही तर तिची जागा दिसतेच की मोकळी."

"मग सांग बरं, कशा येतात त्या."

ती सांगू लागली. मुंडी, काळतोंडी, कानफाटी, रुसकी, ठिपकी. सांगता सांगता तिचा आवाज मऊ झाला. बाभळीच्या काट्यांचे कुंपण, उतरती उन्हे आणि दारात उभी असलेली आई तिला तिथे बसल्या जागी दिसू लागली. कोच उठून उभा राहिला होता, हात पाठीमागे. भाजी निवडणाऱ्या आजीला मात्र दिसले, की त्याच्या पाठीमागे एकेक बोट मुडपत होते. सगळ्यांत शेवटी येणारी म्हातारी लंगडी होती.

"ठिपकीपासून धर," कोच म्हणाला. "तिच्या पुढच्यांना आधीच आत जाऊ दे. मग दर फेरीला एक शेळी आत घे. लंगडी दारात आली की कोणाची वाट बघू नकोस."

त्या दिवसापासून मैदानात शेळ्या हिंडू लागल्या. खोल्यांच्या अख्ख्या रांगेला त्यांची नावे पाठ झाली. सालोमे तिला छेडायची, की आज पाय उचल, तुझ्या शेळ्यांना अंधार पडेल. पण बोलताना तिच्या डोळ्यांत आता थोडे भय असे. जागा एकच उरली होती, आणि ती दोघींनाही हवी होती.

चाचणीच्या आदल्या दिवशी याटोर कडा चढून आला. सोबत थोडा मध आणि दुधाचा भोपळा. झाडे लगडली आहेत, म्हणाला, दोन दिवसांत मध काढायला लागणार. घरचे सगळे बरे आहे. हां, लंगडी तेवढी गेली. मागे रेंगाळली आणि तरसाने नेली.

जेमेली होती तिथे खाली बसली.

"मी मोजली तिला," ती म्हणाली. "रोज मैदानात आणून मोजली."

याटोर हसणार होता, पण तिचा चेहरा बघून त्याने भोपळा खाली ठेवला. उद्या सकाळी तुझ्याबरोबरच खाली येते, असे ती म्हणाली आणि खोलीत जाऊन गाठोडे बांधू लागली. ताबार्नो आजी दारात येऊन उभी राहिली.

"तू नाही मोजलीस. मोजली कोचनं. मी बघितलं, पाठीमागं बोटं मुडपत होता. पाप लागायचं तर त्याला लागू दे. पाठ रुंद आहे त्याची."

जेमेलीचा हात थांबला नाही. मग आजी याटोरकडे वळली आणि त्याची आई यावर काय म्हणाली ते तिने विचारले. याटोर डोके खाजवू लागला. बायकांची बोलणी तो कधी धड लक्षात ठेवत नसे.

"आई म्हणाली, म्हातारी झाली होती, तरसाला तिचं पाऊल कधीपासून माहीत होतं. आणि त्याच संध्याकाळी काळतोंडी व्याली. आता आई करडाला कडेवर घेऊन सगळ्यांच्या मागून येते. ते आत आलं की दार लावते."

गाठोड्याची गाठ अर्धीच राहिली.

"कसं आहे?"

"पांढरं. एक कान काळा."

जेमेलीने घोंगडी उलगडली, आणि अंगावर घेऊन भिंतीकडे तोंड करून पडली.

दुसऱ्या दिवशी सालोमे पहिल्यापासून पुढे होती, ओठांवर आकडे. जेमेली तिच्या मागे, शेळ्या आत घेत. अर्ध्यात शाळेचा रूळ वाजला. कुंपणावरची पोरे आधीच हसायला तयार होती. जेमेलीने मान वळवली नाही. अजून कानफाटीची पोर बाहेर होती, कितीतरी जणी बाहेर होत्या. घरी कोण संध्याकाळ व्हायच्या आधी दार लावते? ती धावत राहिली. एकेक शेळी उंबऱ्यावरून आत गेली, आणि मग वाट मोकळी झाली. मागून आई येत होती, गुडघे दुखत असल्याने हळूहळू, कडेवर पांढरे करडू. कोचची घंटा वाजली ती जेमेलीने ऐकली की नाही कोण जाणे. ती सालोमेच्या पाठीमागून बाजूला झाली आणि पुढे निघाली. दार लागायच्या आत आईपाशी पोचायचे होते तिला.

कोचने घड्याळ दाबले आणि जेमेलीला आकडा सांगितला नाही.

सालोमे गवतात पडून होती. जेमेली शेजारी जाऊन बसली. सालोमेने तिच्याकडे पाहिले नाही.

"मोजण्यात चूक नाही झाली माझी," सालोमे म्हणाली. थोड्या वेळाने म्हणाली, "आता माझ्या मागं कोण धावणार गं?"

संध्याकाळी जेमेलीने याटोरने आणलेला मध दोन भांड्यांत केला आणि एक सालोमेच्या चुलीपाशी ठेवून आली.

सकाळी ती कॅम्पात जायला निघाली. याटोरने तिला निरोप दिला. शेळ्यांमागे जायला शेजारच्या पोराला सांगतो, असे म्हणाला, आणि मधमाश्या थांबत नाहीत म्हणून लगेच कड्याच्या वाटेला लागला. तांबड्या रस्त्याने जेमेली निघाली, डोक्यावर गाठोडे, त्यात आता दोन घोंगड्या, दुसरी आजीची. आजी आणि सालोमे कुंपणापाशी उभ्या राहून बघत होत्या. जेमेलीने मागे वळून पाहिले नाही, पण चाल हळू होती, हळू धावायच्या दिवसासारखी. ती लांब जाऊ लागली तसे सालोमेचे ओठ सवयीने हलू लागले. पावलामागून पाऊल.

ताबार्नो आजीने तिच्या तोंडावर हात ठेवला. आणि रस्ता वळेपर्यंत दोघी नुसत्या बघत राहिल्या.