दोन भरलेल्या बॅटऱ्या

आम्ही तिघं हॅम रेडिओवाले. मी धुळ्याची, शाळेत विज्ञान शिकवणारी. पारोळ्याचे कापड दुकानदार, मारवाडी, त्यांना मी भाऊ म्हणते. आणि नाना, निवृत्त तलाठी, सत्तरी ओलांडलेले, तोंडात अजून अस्सल अहिराणी. सुट्टीच्या दिवशी रेडिओ घेऊन एखाद्या टेकडीवर जायचं, तिथून दूरदूरच्या लोकांशी बोलायचं, हा आमचा नाद.

त्या दिवशी चोपड्याच्या पुढे सातपुड्याच्या एका सोंडेवर चढलो होतो. वर मोबाइलला रेंज नाही. पायथ्याच्या गावात आमचा एक सोबती दुसरा रेडिओ आणि गाडी घेऊन थांबला होता.

वर पोचल्यावर नाना दगडावर बसले ते उठेचनात. शर्ट घामानं चिंब, हात छातीवर.

"नाना, काय होतंय?"

"काही नही, बठ्ठं ठीक शे."

सगळं ठीक म्हणत होते, पण ओठ पांढरे पडले होते.

मी घाईनं रेडिओ जोडला. पडदा उजळला, खरखर आली. बोलायला बटण दाबलं आणि सगळं विझलं. सोडलं की उजळायचा, दाबलं की विझायचा. खालून सोबती विचारत होता, "पोचलात का? बोला!" मला सगळं ऐकू येत होतं, पण उत्तर देता येत नव्हतं. बोलण्याची ताकद कमी करून पाहिली, तरी तेच.

बॅटरी भरलेली होती, दोष प्लगचा होता. गाडीतल्या लायटरच्या खाचेत बसतो तसला. ऐकायला थोडी वीज पुरते, बोलायला भरपूर लागते, आणि त्याची टोकाची स्प्रिंग चढणीच्या हिसक्यांनी ढिली झाली होती. भाऊंनी दुसरी बॅटरी काढली. तीही भरलेली, पण तिला नुसते दोन स्क्रू. आमचा प्लग तिला लागणार कुठे?

"तोडा तार," मी ओरडले.

भाऊंनी चाकूनं प्लगच्या मागे तार कापली. आत दोन्ही पदर काळे, एकावर पांढरी रेघ. अधिक कोणता? उलटी जोडली तर रेडिओ जळणार, मग काहीच उरणार नव्हतं. भाऊंनी प्लग दगडानं फोडला. रेघेचा पदर मधल्या टोकाला, म्हणजे अधिकाला, गेलेला दिसला.

"रेघवाला अधिक, ताई. देवाचं नाव घ्या."

दातांनी सोललेल्या तारा मी स्क्रूंवर बोटांनी दाबून धरल्या. भाऊंनी बटण दाबलं. पडदा विझला नाही.

"नानांच्या छातीत दुखतंय! अँब्युलन्स बोलवा, माणसं वर पाठवा!" भाऊ ओरडले.

तारा तापत चालल्या होत्या. बोटं भाजत होती, पण हलवायची भीती वाटत होती. खालून "समजलं, निघालो" असं आलं तेव्हा मी रडत होते. नानांचे डोळे मिटलेले होते. माणसं झोळी घेऊन येईपर्यंत आम्ही त्यांच्याशी बोलत राहिलो.

नाना वाचले. त्यांचं डोंगर चढणं मात्र सुटलं.

पुढच्या भेटीत भाऊंनी सगळ्यांचे प्लग काढून टाकले. आता प्रत्येक बॅटरीला, प्रत्येक रेडिओला एकच जोड: लाल-काळा, उलटा बसूच न शकणारा, जाड तारेचा, बॅटरीपाशी फ्यूज असलेला. घरून निघताना मी तो ओढून पाहते, मग बटण दाबून पूर्ण ताकदीनं बोलून पाहते. पडदा उजळला एवढ्यावर आता माझा विश्वास बसत नाही.