कड्यावरची उलटी गाठ

उन्हात तापलेल्या नायलॉनच्या दोराला स्वतःचा असा एक वास असतो. किंचित गोडसर, किंचित जळका. पौषातल्या त्या सकाळी, मुरबाडच्या पलीकडे एका बुटक्या कड्याच्या माथ्यावर, सागाच्या वाळल्या पानांच्या वासात मिसळून तो माझ्यापर्यंत आला आणि तारुण्यातले कितीतरी रविवार एकदम जागे झाले. अशा वेळी मन हळवं व्हावं, डोळ्यांत पाणी यावं, असा संकेत आहे. पण त्या सकाळची आठवण आली की आजही माझी कानशिलं तापतात, आणि ठाण्याच्या कॉलेजात वर्गासमोर बोलता बोलता मध्येच माझा आवाज विनाकारण कठोर होतो.

तिथे मी गेले होते ती नंदासाठी. नंदा माझी धाकटी बहीण. मानपाड्याला राहते, कारखान्यांच्या इतकी जवळ की वारा फिरला की तिच्या स्वयंपाकघरात फोडणीच्या आधी रसायनांचा दर्प शिरतो. यजमान गेल्यावर वर्षभर ती त्या घरातून फारशी बाहेरच पडली नाही. आणि मग एक दिवस तिचा फोन आला. कुठल्याशा सहलवाल्यांकडे तिने नाव नोंदवलं होतं. तंबूतला मुक्काम, शेकोटी, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी दोराच्या आधाराने कडा उतरणं. पन्नाशी ओलांडलेल्या माझ्या बहिणीच्या आवाजात शाळकरी मुलीचा थरार होता. "तू पण ये ताई," ती म्हणाली, "पण तिथे शिकवत बसू नकोस हं मला."

तिचं बरोबर होतं. मला शिकवायची खोड आहे, आणि दोराच्या बाबतीत तर फारच. कॉलेजच्या दिवसांत मी डोंबिवलीतल्या एका गिर्यारोहण मंडळात होते. देवधर नावाचे एक गृहस्थ आम्हाला इमारतीच्या गच्चीवर, पाण्याच्या टाकीच्या पाइपाला दोर बांधून, गाठी शिकवत. डोळे मिटून गाठ मारायची, हात पाठीमागे घेऊन मारायची, भिजल्या दोरावर गारठलेल्या बोटांनी मारायची. मग ते येऊन नुसतं अंगठ्याने चाचपत आणि चुकली असेल तर एक शब्दही न बोलता सोडून टाकत. त्यांच्या त्या मौनाची मला भीती वाटायची. तंबूची दोरी ताणायची गाठ वेगळी, ओझं बांधायची वेगळी, आणि माणसाचा जीव टांगायची अगदी वेगळी, हा विवेक त्या गच्चीवर माझ्या बोटांत असा मुरला, की पुढे संसार, नोकरी, गुडघेदुखी यांतलं काहीही त्याला पुसू शकलं नाही.

त्या सकाळी मी चहा संपवून कड्यावर पोचले तेव्हा तिघेजण उतरून गेले होते. चौथी नंदा. डोक्यावर लाल हेल्मेट, कमरेला पट्टे, पाठ दरीकडे, चेहरा आमच्याकडे. भीती आणि आनंद एकाच चेहऱ्यावर इतके शेजारी शेजारी मी कधी पाहिले नव्हते. एक पाऊल तिने मागे टाकलंही होतं. सवयीने माझी नजर तिच्यावरून दोरावर, दोरावरून सागाच्या बुंध्यावर गेली. बुंध्याभोवती जाड दोराचा वेढा घातला होता आणि त्याला उतरण्याचा दोर अडकवला होता. त्या वेढ्याची दोन टोकं जोडणारी गाठ उलटी होती.

उलटी म्हणजे अशी. पहिला पेच उजव्या टोकाचा डाव्यावरून टाकला, तर दुसरा डाव्या टोकाचा उजव्यावरून टाकायचा असतो. इथे दोन्ही पेच एकाच बाजूने टाकले होते. दिसायला ठीकठाक, पण वजन आलं की सरकणारी. तिघांच्या वजनाने ती सरकतच आली असणार, कारण गाठीबाहेर उरलेली टोकं बोटाच्या पेराएवढीही नव्हती.

"नंदा, थांब! मागे ये!" मी ओरडले. कडा खालपर्यंत घुमला.

सहलीचा म्होरक्या रोहन, पंचविशीतला, काळा चष्मा लावलेला तरुण, हसत पुढे आला. "काकू, पॅनिक नका ना करू. आत्ताच तिघं उतरले की."

मी आधी नंदाला हाताला धरून कड्यापासून आत आणलं, तिचा दोर सोडवला आणि मग बुंध्यापाशी गेले. एका टोकाला दोन हिसके दिले. गाठ माझ्या हातात मोकळी झाली.

क्षणभर सगळे त्या सुट्या टोकांकडे वाकून बघू लागले. आता यांना पटेल, अशी आशा त्या क्षणाने मला लावली, याचाच मला खरा संताप आहे. कारण लगेच रोहन म्हणाला, "तुम्ही ओढलीत म्हणून सुटली. वजन त्या बाजूने येतच नाही." आणि रांगेतल्या एका गृहस्थांनी समजूतदारपणे म्हटलं, "जाऊ दे ना मॅडम, सगळ्यांचा मूड कशाला घालवता?"

मूड! माझी बहीण त्या उलट्या पेचावर लटकणार होती, आणि यांना मूडची काळजी. मी बुंध्याशी गुडघे टेकून बसले. आठाची, म्हणजे इंग्रजी आठासारखी दिसणारी आणि वजनाने आवळत जाणारी गाठ मारली, दोराच्या मार्गावरून दोर परत फिरवून, टोकं वीतभर सोडून. बोटं चुकली नाहीत. उठून म्हटलं, "जा नंदा. आता निर्धास्त जा."

नंदाने हेल्मेट काढून खाली ठेवलं होतं. "नको," ती म्हणाली. "आता नाही जमायचं मला."

उरलेले सगळे माझ्या गाठीवरून सुखरूप उतरले. खाली पोचल्यावर त्यांनी टाळ्या वाजवल्या, त्या रोहनसाठी. आभाळ निळंशार होतं, गवताचं पिवळेपण मखमली दिसत होतं, आणि त्या सौंदर्याचाही मला राग आला. अपघात घडला असता तर शोक झाला असता, चौकशी झाली असती. न घडलेल्या अपघाताला मात्र कुणी साक्षीदार नसतो. तिथे उरते ती फक्त एक आरडाओरडा करणारी म्हातारी.

परतीच्या बसमध्ये नंदा खिडकीबाहेर बघत राहिली. कल्याण जवळ आल्यावर म्हणाली, "तू बरोबर होतीस, ताई. पण तू ओरडलीस ना, तेव्हा मला बाबांचा आवाज आला." आमच्या बाबांनी तिला सायकलसुद्धा शिकू दिली नव्हती. पडशील, म्हणत. मी भांडून डोंगरांत गेले, आणि माझ्या वाट्याची त्यांची सगळी धास्ती तिच्यावर लादली गेली. तरी ते वाक्य मला लागलंच. तिचा जीव वाचवून मी बाबा ठरले होते. तिच्यावरही मी मनातल्या मनात चिडले.

पुढे काही आठवडे आम्ही कामापुरतं बोललो. मग एका दुपारी ती आली, पिशवीतून कपडे वाळत घालायची नवी दोरी काढली आणि म्हणाली, "त्या रोहनने कशी मारलेली, दाखव."

मी एकाच दोरीवर दोन्ही गाठी मारून दाखवल्या, उलटी आणि सुलटी. सुलटीसुद्धा जीव टांगायला वापरायची नसते, हेही सांगितलं. तिने चष्मा पुसून पुसून पाहिलं. "सारख्याच दिसतात गं," ती म्हणाली. तिच्या आवाजात आश्चर्य होतं. आणि तेव्हा मला उमगलं, की कड्यावरच्या त्या माणसांना खरोखरच काही दिसलं नव्हतं. त्यांच्यावरचा राग थोडा उतरला. रोहनवरचा उतरला नाही. न दिसणं हा त्याचा हक्क नव्हता. त्याला क्षमा करण्याची मला घाई नाही.

नंदाने आठाची गाठ शिकून घेतली. पहिल्यांदा चुकली तेव्हा मी बोलायला तोंड उघडलं आणि मिटलं. तिची तिने सोडवली, परत मारली. मग दोरी गुंडाळता गुंडाळता सहज म्हणाली, "पुढच्या महिन्यात जातेय मी परत. दुसऱ्या लोकांबरोबर. यावेळी झाडापाशी आधी मी जाऊन बघणार."

तू येतेस का, असं तिने विचारलं नाही. मी येऊ का, असं मीही विचारलं नाही. चहाचं आधण ठेवायला मी आत गेले, आणि कितीतरी वेळ गॅस पेटवायचंच विसरले.