विहीर पुस्तकात नव्हती

हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. आईला नाही, ज्याचं काम करतो त्या मालकाला नाही, आणि जिला सर्वांत आधी सांगायला हवं होतं, तिला तर नाहीच. मग तुम्हाला का सांगतो आहे? तुम्ही मला ओळखत नाही, म्हणून असेल. अनोळखी माणसापुढे तोंड उघडायला कमी धीर लागतो.

माझा धंदा पुस्तकं वाचण्याचा. हसू नका, त्यावरच माझं पोट चालतं. तरुणपणी मुंबईला एका सिनेमा कंपनीत कारकून होतो. छातीचं दुखणं जडलं, तिथली हवा मानवेना, म्हणून रत्नागिरीला घरी परतलो. मालक भला माणूस. म्हणाला, "तू कादंबऱ्या भराभर वाचतोस, तर घरी बसून वाच. जिच्यातून चित्र निघेल असं वाटेल, तिची गोष्ट चार पानांत लिहून पाठव." तेव्हापासून बोटीनं पुस्तकांचं गाठोडं येऊ लागलं. मालकाला स्वतः वाचायचा भारी कंटाळा. मी जी गोष्ट लिहीन, तीच त्याच्या लेखी पुस्तकातली गोष्ट.

घरात आम्ही तिघं. आई, मी आणि धाकटी बहीण द्वारका. द्वारकीचा नवरा लग्नानंतर दोन-तीन वर्षांतच गेला आणि सासरच्यांनी तिला आमच्या दारात आणून सोडलं. पाणी, स्वयंपाक, आईचे दुखरे गुडघे, माझा काढा — सगळं तिच्याकडे. दुपारी ती पडवीत फणसाच्या आठळ्या सोलत बसायची आणि मी नव्या कादंबऱ्या मोठ्यानं वाचायचो. कुठल्या गोष्टीचं चित्र चांगलं होईल, हे मला तिच्या हातांवरून कळायचं. ऐकता ऐकता हात थांबले, की ती गोष्ट मुंबईला पाठवायची.

एकदा एक लहानशी कादंबरी आली. लेखक नवखा, छपाई सुमार. तिच्यात भावाच्या घरी राबणारी एक तरुण विधवा होती. भाऊ काही दुष्ट नव्हता. त्याला नुसती सवय झाली होती — वेळेवर पान वाढलेलं असण्याची. एका पहाटे ती बाई घर सोडते, परगावी जाऊन शिकते, आणि शेवटच्या पानावर मुलींच्या वर्गात उभी राहून हजेरी घेते. एवढंच. कुणी मरत नाही.

ती कादंबरी मी दार लावून एकट्यानं वाचली. "आज वाचायचं नाही काय?" द्वारकीनं बाहेरून विचारलं. रटाळ आहे, तुला झोप येईल, असं सांगितलं आणि पुस्तक ट्रंकेच्या तळाशी घातलं.

पण गोष्ट चित्राजोगी होती, हे कसं नाकारू? मी ती लिहून पाठवली. पाठवताना शेवट बदलला. बाई घरातून निघते ती थेट विहिरीकडे जाते, असं लिहिलं. लोकांना रडू आलं की सिनेमाचा तंबू भरतो, मालकाला असलेच शेवट लागतात — ही समजूत मी कित्येक वर्षं स्वतःची घालत आलो. ती अगदीच खोटी नाही. पण मालकानं विहीर मागितली होती का? त्याला मी शाळेचा शेवट दाखवला तरी होता का?

चित्र निघालं. पुढच्या थंडीत ते रत्नागिरीत मैदानावरच्या तंबूत लागलं. चित्रं तेव्हा बोलत नव्हती. पडद्याशेजारी पेटी-तबला वाजायचा आणि पडद्यावरची अक्षरं कुणीतरी मोठ्यानं वाचायचं. "दादा, तुझं चित्र आलंय, मला ने," म्हणून द्वारकीनं हट्ट धरला. आई कुरकुरली, पण मी नेलं. मला मिरवायचं होतं ना.

परतताना तिनं विचारलं, "पुस्तकातही ती विहिरीतच जाते काय रे?"

मी म्हणालो, "होय."

आता खरं कारण सांगतो. द्वारकीनं ती कादंबरी ऐकली असती, तर तिचे हात थांबले असते, आणि मग ती गेली असती. मग माझा काढा कुणी केला असता? आईला कुणी उठवलं-बसवलं असतं? ती विहीर मी मालकासाठी लिहिली नाही. घर सोडलेल्या बाईचं काय होतं, ते माझ्या बहिणीला दिसावं म्हणून लिहिली. आणि तिनं विचारलं, तेव्हा पुस्तकाच्या नावानं त्यावर शिक्कामोर्तबही केलं.

चार दिवस ती नेहमीसारखी कामं करत राहिली. मी मनातून निर्धास्त झालो — हेही सांगूनच टाकतो. मग एका सकाळी चूल सारवता सारवता ती म्हणाली, "दादा, पुण्याला बायकांना शिकवतात, राहायची सोयही असते. मी जात्ये."

मी म्हटलं, "आणि त्या चित्रातलं बघितलंस ना?"

"म्हणूनच तर," ती म्हणाली. "त्या बाईला जायला दुसरी जागाच ठाऊक नव्हती. मला ठाऊक आहे."

आई रडली, मग स्वतःच्या पेटीतलं लुगडं काढून तिनं द्वारकीच्या हातात ठेवलं. मी मोटारीनं हातखंब्याच्या फाट्यापर्यंत सोबत गेलो. मोटारीच्या इंजिनात पाणी भरेपर्यंत आम्ही दोघं झाडाखाली उभे होतो. सांगायला तेवढा वेळ पुरला असता. मी तिला डबा नीट धर म्हणालो.

तिच्यावाचून आई आणि मी काही मेलो नाही. भात करायला मी शिकलो, पेज तर आता आईला माझ्याच हातची लागते. पुस्तकं अजून येतात, चित्रं बोलू लागली आहेत, आणि शेवट मी पुस्तकात असतो तसाच लिहितो. द्वारकी घाटावर एका गावी मुलींच्या शाळेत शिकवते. दर मे महिन्यात घरी येते. गेल्या खेपेला दोन विद्यार्थिनींना समुद्र दाखवायला घेऊन आली होती. भाट्याच्या वाळूत पोरी धावत होत्या आणि ती त्यांना सांगत होती, "मी शिकले ती या दादामुळे. त्यानं मला तंबूत नेलं नसतं, तर मी अजून आठळ्याच सोलत असते."

पोरींनी माझ्याकडे केवढ्या आदरानं पाहिलं. मी हसलो. म्हणजे तेही घेतलंच की मी — जे माझं नव्हतं ते.

जे तिनं केलं, ते तिचं तिनं केलं. वाटेत सोबत होईल अशी एक बाई पुस्तकात होती, ती मी तिच्यापासून लपवली आणि बुडवून दाखवली. येत्या मे महिन्यात द्वारकी आली, की हे तिला सांगणार आहे, तिच्या पोरींच्या देखत. ती काय म्हणेल, ते तिनं म्हणावं. मी ऐकून घेईन.